दाभोळच्या धक्क्यावरचा निरोप

आमचा काशीरामदादा सायकलवरून कुणाच्या दारात उतरला, की त्या घरातली बाई हातातलं काम टाकून उंबऱ्याशी येऊन उभी राहायची. वाडीत कुणाचं काही बरंवाईट झालं की सांगायला हाच जायचा. मुंबईहून तार येवो नाहीतर दवाखान्यातून माणूस येवो, बाकीचे सगळे 'आधी दोन घास खाऊ दे त्याला', 'सकाळी सांगू' असा खल करत बसायचे, तोवर दादाने सायकल काढलेली असायची. ऊन बघायचा नाही, पाऊस बघायचा नाही. दारात उभं राहायचं, जे झालं ते सरळ सांगायचं आणि रडणाऱ्या माणसाला धरून एस.टी.त नेऊन बसवायचं. पोरं मागून त्याला यमाचा टपालवाला म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याने कधी कुणाला त्याबद्दल हटकलं नाही.

मी त्याची धाकटी बहीण, गोदा. लग्न होऊन चार घरं पलीकडेच पडले, त्यामुळे माझं माहेरही सुटलं नाही आणि दादाही सुटला नाही. म्हणून सांगते, तो जन्माचा असा नव्हता. उलट गोड बोलून वेळ मारून न्यायची त्याच्याइतकी हातोटी आमच्या घरात कुणाला नव्हती. आई आजारी असताना डॉक्टर जे बोलला ते त्याने आम्हाला कधी कळू दिलं नाही. रोज म्हणायचा, आज तोंडावर तेज आहे. माणसाला दुखवायचं नाही, एवढा एकच धर्म त्याला माहीत होता.

रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत तो शिपाई होता. पगार बेताचा आणि शौक एकच, सायकल. काळी, दणकट, मागे रुंद कॅरिअरची. रविवारी अंगणात ती उलटी करून ठेवायचा आणि खोबरेल लावलेलं कोंबडीचं पीस घेऊन तिच्या चेनीशी खेळत बसायचा. वहिनी म्हणायची, माझ्या केसांना एवढं तेल मिळालं असतं तर पदर पुरला नसता झाकायला. त्याच्या मनात एक खूळ होतं. समुद्राच्या कडेकडेने, गाडीरस्ता सोडून, जुन्या पायवाटांनी आणि घाट्यांनी सायकल घेऊन जायचं ते थेट मंडणगडापर्यंत. राहायचं उघड्यावर, जेवायचं तीन दगडांच्या चुलीवर. दर दिवाळीनंतर हा बेत शिजायचा आणि शिमग्यापर्यंत करपायचा, कारण बरोबर यायला कुणी तयार नसायचं. शेवटी सदू तयार झाला.

सदू म्हणजे आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडचा. बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला. दादाचा लहानपणापासूनचा सोबती, दोघांना एका ताटात जेवलेलं मी पाहिलंय. बोलायला कमी, पण ढोल त्याच्या गळ्यात पडला की बाकीचे ढोलवाले बाजूला व्हायचे. त्याची आई तो रांगत असतानाच गेली. थोरल्या बहिणीने, येसूबाईने, त्याला वाढवलं. हा मिळवता होईपर्यंत लग्नच करणार नाही म्हणून बसली, आणि मग उशिरा दापोलीकडच्या मुरुडला दिली. सदू तिला बाय म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच तिला बाय म्हणायचो.

आता पालखीचं सांगायला हवं. शिमग्यात आमच्याकडे देव देवळात बसत नाही. पालखीत बसून घरोघर येतो. ज्या दिवशी ज्याच्या अंगणात पालखी यायची असते त्या दिवशी त्या घरचा माणूस मुंबईला असो नाहीतर बोटीवर, धडपडून घरी येतो. पण घरात सुतक असलं किंवा सोयर असलं, तर पालखी त्या घरावरून पुढे जाते. सदूच्या घरावरून ती सलग दोन वर्षं पुढे गेली होती. एका वर्षी होळीच्या तोंडावर त्याचा बाप गेला. दुसऱ्या वर्षी भावकीत मूल जन्मलं. त्या दुसऱ्या वर्षी सदूची बायको तुळसा गडग्याला टेकून उभी होती, पालखी आमच्या अंगणात नाचत होती, आणि ती पदर तोंडात कोंबून रडत होती. देवाला आमचं घर दिसत नाही का, असं तिने मला विचारलं. यंदा तरी काही आडवं येऊ नये, एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं.

चौऱ्याऐंशी सालचा शिमगा. होळी पेटून गेली होती, पालखी आधी वरच्या वाड्यांत फिरायची होती, आमच्या वाडीची पाळी शेवटाला होती. दादाने रजा टाकली. सदू म्हणाला, मी येतो, पण मुरुडपर्यंतच. बायला बरं नाही असं ऐकलंय, तिला बघून पालखीच्या आदल्या दिवशी परत. मंडणगड पुढल्या वर्षी. दादाला तेवढंही पुष्कळ होतं. त्याने बंदरावरून होडीचं जुनं शीड आणलं, दोऱ्या ओवून त्याचा तंबू केला. बरोबर तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, एक टोप आणि पंक्चरचं सामान. दोघे निघाले तेव्हा आम्ही बायका गडग्यावर उभ्या राहून हसत होतो. शीड कॅरिअरवर बांधलेलं आणि वर टोप पालथा घातलेला.

जातानाची गंमत दादाने मला पुढे कितीतरी वेळा सांगितली. सायकलवर बसलो कमी आणि तिला बसवून नेली जास्त, असं म्हणायचा. पाखाडीच्या पायऱ्या आल्या की दोघांनी मिळून आधी एक सायकल वर न्यायची, मग दुसरी. सड्यावर, डोंगरमाथ्याच्या माळावर, कातळ असा खडबडीत, की दात वाजायचे. हेदवीच्या वर पहिला मुक्काम केला तेव्हा शिडाची टोकं दोन सायकलींना बांधली. सूर्य खाली गेला, समुद्राकडून वारा सुटला, शीड भरलं आणि दोन्ही सायकली घेऊन ते करवंदीच्या जाळीत जाऊन पडलं. सदू पोट धरून हसला. शीड ते शीडच, वारा भरला की चालायला लागणार, असं म्हणाला. मग दोघे ते नुसतं अंगावर घेऊन झोपले. पिठीभात इतका गोड मी पुन्हा कधी खाल्ला नाही, हे दादाचं त्या मुक्कामाबद्दलचं ठरलेलं वाक्य.

मुरुडला पोचले तर बाय पडवीत बाजेवर पडून होती. अंगात ताप, छातीत कळ. पण भावाला बघून उठली, कुणाचं ऐकेना, चुलीपाशी बसून तिने घावन घातले. दोघांना वेड्यात काढलं, सायकलवर कोण येतं एवढ्या लांब म्हणून. सदूचा पाय निघेना. तो म्हणाला, मी राहतो दोन दिवस, पालखीचं तुळसा बघेल. बाय चिडली. माझ्यापायी पालखी चुकवलीस तर तोंड दाखवू नको, असं तिने त्याला सगळ्यांसमोर बजावलं. निघताना परसातला नारळ त्याच्या पिशवीत घातला, माझ्या नावाने पालखीला दे म्हणून. तिचा नवरा सखाराम, साधा, थोराड माणूस, वेशीपर्यंत पोचवायला आला होता.

परतीचा पहिला मुक्काम कोळथऱ्याच्या बाजूला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोळकडे उतरताना सदूचं मागचं चाक दगडावर आपटलं, टायर फाटला. खाडीच्या धक्क्यावर येऊन त्याने चाक काढलं आणि खांद्यावर टाकून बाजारात दुकान शोधायला गेला. दादा सामानापाशी बसला. तेवढ्यात दापोलीहून एस.टी. आली आणि तिच्यातून आमच्या वाडीकडे निघालेला सखारामांचा पुतण्या भिकाजी उतरला. सायकली आणि शीड बघून सरळ दादाकडेच आला.

बाय पहाटे गेली होती.

दादाने एकच विचारलं, कधी नेणार. भिकाजी म्हणाला, उन्हं चढायच्या आत उचलू असं म्हातारी माणसं म्हणत होती, पण काकांनी सांगितलं भावाच्या कानावर घाला. त्याला उभ्या असलेल्या त्याच एस.टी.ने परत फिरायचं होतं. सदू कुठे आहे असं त्याने विचारलं. दादा म्हणाला, बाजारात, मी सांगतो त्याला. भिकाजी गेला.

आता दादाच्या डोक्यात काय चाललं होतं ते परक्या मुलखातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्यात सुतक कळल्यापासून लागतं. कानावर आलं नाही तोवर माणूस मोकळा. दिलेल्या बहिणीचं भावाला तीन दिवसांचं सुतक, आणि पालखी परवावर आलेली. शिमग्याच्या दिवसांत लांबची बातमी अशी चार दिवस दाबून ठेवणं आमच्याकडे पाप नव्हतं, समजूतदारपणा होता. कितीतरी घरांनी तो केलाय. दादाने हिशेब घातला. मागे फिरलो तरी मुरुडला पोचेपर्यंत दुपार टळेल. तोवर तिला नेलेलं असेल. तोंड काही दिसणार नाही, आणि पालखी मात्र तिसऱ्या वर्षीही पुढे जाईल. शिवाय बाय स्वतःच्या तोंडाने बोलली होती. सदू चाक घेऊन हसत आला तेव्हा दादाने उठून त्याला चाक बसवायला मदत केली आणि काही बोलला नाही. मग ते होडीत चढले.

पुढचा सगळा रस्ता सदू खुशीत होता. बायला बघून आल्याने त्याचा जीव हलका झाला होता. हँडलवर बोटांनी ढोल वाजवत चालला होता. पावसाळ्याआधी बायला घरी आणायची, तिला दोन महिने हलू द्यायचं नाही, असे त्याचे बेत चालू होते, आणि दादा मागून नुसता हूं हूं करत होता. चढ आला की सदू म्हणायचा, आज तू का दमतोस. दादा मला म्हणाला होता, गोदे, प्रत्येक चढावर वाटायचं इथं सांगू, आणि प्रत्येक उतारावर वाटायचं आता एवढं पुढं आल्यावर कशाला. त्या मुक्कामाला शीड बांधलंच नाही. दादाने पिठीभात शिजवला आणि स्वतः जेवला नाही.

पालखी आली. सदूचं अंगण तुळसाने दोनदा सारवलं होतं. ढोल लागले, सदूने पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घेतला आणि असा नाचला की बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा मात्र गडग्याच्या बाहेर उभा. दरवर्षी खांदा द्यायला पुढे घुसणारा हा माणूस पालखीला शिवला नाही. मी विचारलं तर पाय दुखतोय म्हणाला. मग गाऱ्हाणं झालं. गुरवाने बायचा नारळ हातात घेतला आणि देवाला सांगितलं, मुरुडला दिलेली लेक आजारी आहे, तिचं दुखणं दूर कर, तिला सुखरूप माहेरी आण. सगळी वाडी एका आवाजात म्हणाली, व्हय म्हाराजा. सदू हात जोडून डोळे मिटून म्हणाला. मी दादाकडे बघितलं. त्याचे ओठ हलले नव्हते, आणि चेहरा असा झाला होता की मला तिथेच काहीतरी कळलं.

पालखी वाडीची हद्द ओलांडून गेली तेव्हा दादाने सदूला विहिरीवर नेलं. मी मागोमाग गेले, म्हणून जे बोलणं झालं ते माझ्या कानांनी ऐकलंय. दादाने सांगितलं, बाय गेली. सदूने विहिरीचा कठडा धरला.

"कधी कळला तुला?"

"दाभोळला. धक्क्यावर."

"आणि मी कुठं होतो?"

"चाक घेऊन गेलेलास."

दादा पुढे बरंच बोलला. पालखी, तुळसा, दोन वर्षं, बायचे शब्द, सगळं. ऐकून झाल्यावर सदू म्हणाला, "पालखी दर वर्षाला येते, काशा."

एवढंच. विहिरीवर डोक्यावरून पाणी ओतून घेतलं आणि ओल्या अंगाने एस.टी. गाठायला निघाला.

वाडीने दादाला दोष दिला नाही, हे मुद्दाम सांगते. उलट कौतुक केलं. काशाने सदूचं घर राखलं, असं म्हातारे म्हणाले. गुरवही म्हणाला, न कळता झालं त्याला दोष नाही, आणि ज्याला कळलं होतं तो शिवला नाही, म्हणजे देवाचंही राखलं. दादा हे सगळं खाली मान घालून ऐकायचा. मी एकटीने त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, मीही कुणाची तरी बहीणच आहे. माझ्या वेळी तू पालखी बघणार की मला? तेव्हापासून तो वाईट बातम्या घेऊन धावायला लागला, आणि त्यात काय भरून निघणार होतं देव जाणे.

सदू मुरुडहून परत आला आणि भांडला नाही. भेटला की काय, कसं, एवढं विचारायचा. गणपतीला दादाकडे प्रसाद धाडला. बोलणं बंद झालं नव्हतं, पण त्यात काही उरलं नव्हतं. सायकल त्याने कारखान्यातल्या कुणाला तरी देऊन टाकली. दादाच्या अंगणात उलटी सायकल दिसायची आणि गडग्यावरून चेष्टा करायला कुणी यायचं नाही. मला त्याचा राग होता, पण रविवारी त्याला तसा एकटा बसलेला बघून माझा जीव तुटायचा.

वर्ष फिरलं. वर्षश्राद्धाच्या सुमाराला दादा एकटाच सायकल घेऊन मुरुडला निघाला. जाण्याआधी माझ्याकडून एक लुगडं घेऊन गेला. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं, नवऱ्याच्या घरचं चालत नाही. ते राहिलं, निदान देवापुढे ठेवायला देऊन येतो, असं म्हणाला. मी त्याला दिलं. तिकडे सखारामांनी त्याला नीट वागवलं, जेवायला वाढलं. लुगडं हातात घेतलं, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते रागाने नाही, सहज सांगितलं.

भिकाजी त्या दिवशी दाभोळहून परतला तो निरोप पोचला असं सांगत आला. सकाळी न्यायचं ठरलेलं होतं, भिकाजीसाठी तेवढं थांबले होते, आणि आता भाऊ येतोय म्हटल्यावर सगळे आणखी थांबले. माहेरचं लुगडं घेऊन येईल, तोंड बघेल, मग उचलू. दापोलीची एक गाडी आली, दुसरी आली. मध्ये कुणीतरी रस्त्यावर जाऊन उभं राहिलं. शेवटी दिवस मावळायला आला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने पेटीतलं आपलं लुगडं काढून दिलं आणि म्हणाली, हेच माहेरचं समजा. मग नेली.

"सदू आला तेव्हा मी त्याला सगळा सांगितला," सखाराम म्हणाले. "तुम्हाला बोलला नाय?"

दादा तिथून निघाला तो कुठे मुक्कामाला थांबलाच नाही. वाडीत आला तो घरी न जाता सदूच्या अंगणात. सदू पायरीवर बसला होता. दादाने त्याला विचारलं, हे तू मला वर्षभर का सांगितलं नाहीस. सदू म्हणाला, "तुला सांगून काय झाला असता? मला कळला, तेवढा पुरे होता."

मग तो आत गेला आणि परक्या पाहुण्यासाठी आणतात तसं तांब्याभांडं घेऊन आला. दादा एवढ्या लांबून सायकल मारत आला होता, घामाने भिजला होता.

हे सगळं मला दादाने त्याच संध्याकाळी सांगितलं. माझ्या ओटीवर बसला होता, पायांना धूळ तशीच. मी त्याच्यापुढे चहा ठेवला, तो निवला. मी म्हटलं, बोलला तरी ना तुझ्याशी. त्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"मी शिव्या खायला गेलेलो, गोदे," तो म्हणाला. "त्यान मला पाणी दिलान."